जिजी, ती बाई कुठं उतरली?

जिजी, तुमच्या दहाव्याला माइक होता. आधी कळलं असतं तर तुम्ही मरण पुढं ढकललं असतं. तालुक्याचे एक नेते आले. त्यांनी तुम्हाला आधी चालतंबोलतं विद्यापीठ म्हटलं, मग वटवृक्ष म्हटलं, आणि मग तुमचं नाव विचारायला शेजारच्याकडे वाकले. त्यानंतर कुणीतरी पुकारलं, "आता सुप्रसिद्ध साहित्यिक दोन शब्द बोलतील." मी हातानंच नाही म्हटलं. लोकांना वाटलं कंठ दाटला. खरं म्हणजे त्या माइकसमोर उभा राहिलो असतो तर मला तुमचाच आवाज ऐकू आला असता, "भाषण ऱ्हाऊ दे. ती बाई कुठं उतरली ते सांग."

तेच सांगायला बसलोय. काल संध्याकाळी परतूरच्या घरी पोचलो आणि पायांवर पाणीसुद्धा न घेता लिहायला घेतलं. उत्तर सापडलंय, जिजी! इतक्या वर्षांनी सापडलं आणि ऐकायला तुम्ही नाहीत, म्हणजे या भांडणात शेवटचा शब्द तुमचाच राहिला. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. गोष्ट मधूनच उचललेली तुम्हाला कधी चालली नाही.

माझी बहीण कमल तुमच्या घरी सून म्हणून आली तेव्हा आपला जालना जिल्हा नवाकोरा होता. सरकारनं आमचं परतूर परभणीतून उचललं, तुमचं कुंभार पिंपळगाव औरंगाबादेतून उचललं आणि दोन्ही एका जिल्ह्यात नेऊन ठेवली. या स्थलांतरात आम्हाला कुणी जागेवरून उठवलंसुद्धा नाही, पण दाजी सगळ्यांना सांगायचे की आमची सोयरीक सरकारनं जुळवली. त्या पहिल्या पंचमीला मी बहिणीला माहेरी न्यायला आलो. मुराळी म्हणून. रीत तुम्हीच मला शिकवलीत : मुराळ्यानं शिदोरी घेऊन यायचं, सासूनं "न्हाई धाडत" म्हणायचं, मुराळ्यानं दोन दिवस ओसरीवर बसून वाट बघायची, आणि मग पंचमीच्या तोंडावर सासूनं उपकार केल्यासारखं पाठवायचं. लगेच पाठवलं तर सुनेची किंमत राहत नाही.

मी तेव्हा औरंगाबादला राहत होतो. लहान लाइनच्या आगगाडीनं परतूरला आलो. ती गाडी सायकलवाल्याला वाट देत देत चालायची, पण तिच्या दारात उभं राहून कपाशीची रानं मागं पडताना बघितली की मला अजूनही शाळा सुटल्यासारखं होतं. आईनं करंज्या-धपाट्यांची शिदोरी बांधून दिली आणि म्हणाली, "लेकीला घेतल्याबिगर येऊ नकोस. पहिला सण हाय." मी एसटीत बसलो. एका हातात शिदोरी आणि दुसऱ्या हातात माझ्या पहिल्या कादंबरीच्या प्रतींची पिशवी. जो माणूस स्वतःच स्वतःचा प्रकाशक असतो त्याला दुसरा हमाल परवडत नाही.

तुम्ही ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. वर न बघता विचारलंत, "काय काम करता पाव्हणं?"

"पुस्तकं लिहितो."

"कोणाची?"

"माझीच."

"म्हंजे सरकारी न्हाई. छापतं कोण?"

"मीच छापतो."

"इकतं कोण?"

"मीच."

"आन् घेतं कोण?"

जिजी, मराठी साहित्यव्यवहाराची इतकी नेमकी चिकित्सा मी नंतर कुठल्याही परिसंवादात ऐकली नाही. तुम्ही शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलंत. "फोडा. आन् काय लिवलं ते सांगा. आज बुधवार हाय, आज काय लेक निघत नसती."

मी शेंगा फोडत कादंबरी सांगू लागलो. कौसल्या नावाची विधवा, नवऱ्यामागं त्याची पिठाची गिरणी चालवते, दिराला गिरणी हवी असते. तुम्ही शेंगा फोडायच्या थांबलात. दिरानं पट्टा कापला तेव्हा तुम्ही त्याला शिवी दिलीत. गावानं कौसल्येकडं दळण टाकायचं बंद केलं तेव्हा कमलला हाक मारून म्हणालात, "ये गं, ऐक, तुझा भाऊ काय सांगून ऱ्हायला." चुलीवर कमलची भाकरी करपली. त्या करपलेल्या भाकरीइतकी दाद मला आजवर कुणी दिलेली नाही.

आणि मी शेवटाला आलो. माझा लाडका शेवट! पहाटे कौसल्या गिरणीला कुलूप लावते, गाठोडं घेते, फाट्यावर येते, एसटीत बसते. गाडी धुरळ्यात दिसेनाशी होते. संपलं. शहरातल्या दोघा जाणकारांनी या शेवटाला 'खुला' म्हटलं होतं आणि मी ते मनाशी बरेच दिवस घोळवत होतो.

"पुढं?" तुम्ही विचारलंत.

"संपली."

"संपली कशी? कुठं उतरली ती?"

"ते वाचणाऱ्यानं ठरवायचं."

"वाचणाऱ्यानं? मंग तू काय केलं?" त्या क्षणी मी पाव्हण्याचा 'तू' झालो. "तिकीट कुठलं काढलं तिनं? कंडक्टर बिगर तिकिटाचा बसू देतो का? त्यानं इचारलं आसंल ना, बाई कुठं?"

"जिजी, ते तितकं महत्त्वाचं नाही."

"बिलकुल महत्त्वाचं हाय. तिला फाट्यावर सोडून तू आरामात शेंगा खाऊन ऱ्हायला. ती कुठं उतरली ते सांग आन् बहिणीला घेऊन जा. तवर कमल निघत न्हाई."

मला वाटलं रीतीचं बोलणं आहे. दाजींनी सुस्कारा टाकला तेव्हा कळलं की नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टँडवर गेलात. पुस्तकातली बाई पुस्तकातच असते हे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण तुमचं म्हणणं, "बघितल्याबिगर ह्यानं लिवलं का? कुठं तरी आसंलच की ती." चहावाल्या रशीदभाईंना तुम्ही विचारलंत. ते म्हणाले, "जिजी, कब की बात है? साडी कौनसे रंग की?" साडीचा रंग मी लिहिलाच नव्हता. तुम्ही हिरवा सांगून टाकलात. तेवढ्यात गाडी आली आणि कंडक्टर म्हणाला, "हिरवी साडी ना? बराबर. आष्टीला उतरल्ती की एक, रडून राह्यल्ती."

दुपारपर्यंत गावभर झालं की मुराळ्याच्या घरची बाई निघून गेली. दोन बायका पदर तोंडाला लावून माझ्यासमोर बसून गेल्या. एका म्हाताऱ्यानं काठी टेकत येऊन विचारलं, "पोलिसात दिलं का?"

दाजी लाजेनं लाल झाले. "आवो बाबा, ती पुस्तकातली बाई हाय."

"मंग पुस्तकात बघा की," म्हातारा म्हणाला, "इथं काय हुडकून राह्यले?"

आम्ही किती हसलो, जिजी! कमल तर कोपऱ्यात बसून पदरात हसत होती, नव्या सुनेनं मोठ्यांदा हसायचं नसतं म्हणून. तुम्हीच म्हणालात, "हास की गं मोकळी. घर तुझंच हाय." कमल मला नंतर म्हणाली की लग्नानंतर त्या घरात तिचा आवाज पहिल्यांदा तेव्हा निघाला.

पण तुम्ही हटला नाहीत. उद्यावर पंचमी आली. परतूरला आई दारात उभी राहून प्रत्येक एसटीचा माणूस बघत असणार. मी उत्तरं देऊ लागलो. जालन्याला उतरली. "तिथं कोण हाय तिचं?" औरंगाबादला, दवाखान्यात आयाचं काम धरलं. "तिला कोण वळखतं तिथं? पहिल्या दिशी जेवली कुठं?" मामाच्या गावी. "मामा मधीच कुठून आला? आत्ता बनवला तू." भावाकडं गेली. यावर तुम्ही माझ्याकडं नीट बघितलंत. "भाऊ आसता तर न्यायला आला नसता का?"

स्टँडकडून हॉर्न वाजला. दिवसातली शेवटची गाडी. कमल गाठोडं घेऊन उंबऱ्यापाशी उभी, डोळे भरलेले. तुम्ही तिच्याकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत, आणि तिच्या ओटीत नारळ घालत म्हणालात, "जा, जल्दी जा. पण पुढल्या साली सांगायचं बरं का मुराळी." आम्ही दोघं धुरळ्यातून पळत सुटलो. धावत्या गाडीत चढताना माझी पुस्तकांची पिशवी खाली पडली आणि कंडक्टर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, कुणी नेत न्हाई." पंचमीला लेक घरी आली. आईला मी सगळं सांगितलं तर तीही म्हणाली, "खरंच रे, कुठं उतरली?"

तिथून पुढं किती पंचम्या झाल्या, जिजी. लहान लाइनची मोठी लाइन झाली. फाट्यावर टेलिफोनचा पिवळा डबा आला. कमलची पोरं मोठी होऊन शहरात गेली. मी आणखी पुस्तकं लिहिली, ती तुम्हाला दिली, तुम्ही प्रत्येकाला कुंकू लावून देव्हाऱ्याशेजारी ठेवलंत आणि एकाबद्दलही काही विचारलं नाहीत. तुमचं लक्ष त्या एका बाईत अडकलेलं. मी दर वर्षी नवं गाव घेऊन यायचो. रस्ताभर पाठ करायचो. परतूरपासून माझी छाती परीक्षेच्या पोरासारखी धडधडायची, आणि खरं सांगू, त्या धडधडीसाठीच मी यायचो. हैदराबाद म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "तिला तेलुगू येती?" पुणं म्हटलं तर नुसत्याच हसलात. प्रत्येक गावाला तुमचा एकच प्रश्न होता, तिथं तिचं कोण हाय. आणि कमलची पाठवणी नेमकी शेवटच्या गाडीला.

माझ्या पुस्तकांत पुढं कुठलंही माणूस घर सोडून निघालं की माझा हात थांबायचा. हे कुठं चाललं, त्याला दार कोण उघडणार, हे कळेपर्यंत मी त्याला गाडीत बसू दिलं नाही. लिहिण्याचं एवढं एक काम मला धड जमायला लागलं असेल तर ते तुमच्यामुळं. तुमच्या समोर हे कधी म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तुम्ही म्हणाला असता, "मंग आधीचीला कशाला बसू दिलं?"

आणि तो जालन्याचा सत्कार! एका संस्थेनं मला गौरवायचं ठरवलं. तुम्ही हट्टानं आलात, कमलनं दिलेली नवी साडी नेसून, पहिल्या रांगेत. व्यासपीठावर इतके मान्यवर होते की ज्याचा सत्कार त्याला खुर्ची उरली नाही, मी हार गळ्यात घालून खांबाशी उभा. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की माझ्या शेतीविषयक लेखनामुळं कपाशीच्या उत्पन्नात भर पडली आहे. टाळ्या झाल्या. मी शाल सावरत होतो तेवढ्यात तुम्ही उठून उभ्या राहिलात.

"साहेब, त्याला येवढं इचारा, ती बाई कुठं उतरली."

सगळ्या माना तुमच्याकडं वळल्या. पण पाहुणे राजकारणात मुरलेले. क्षणभरही न अडखळता म्हणाले, "माताजी, ती भगिनी आपल्या जालन्यातच उतरली! आमच्या जिल्ह्यात प्रत्येक भगिनीचं स्वागत आहे!" पुन्हा टाळ्या.

"कोणाकडं उतरली?"

"प्रशासन बघेल, माताजी."

तुम्ही खाली बसलात आणि शेजारच्या बाईंना सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालात, "ह्याला बी म्हाईत न्हाई." त्या दिवशी मला मिळालेली शाल मी पुढं कुणाला तरी दिली. तुमचं ते वाक्य मात्र ठेवलंय.

मागच्या पंचमीचं मात्र मी कुणाशी बोललो नव्हतो. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, कमलच्या केसांत पांढरं आलेलं, तिचं माहेर म्हणजे आता मीच. पण मुराळी आला. तुम्ही बाजेवर पडून होता. मी उत्साहानं सांगितलं, "जिजी, सापडलं. मुंबई. तिथं कुणाचंच कुणी नसतं, त्यामुळं तुमचा प्रश्नच येत नाही." मला वाटलं होतं या वेळी तुम्हाला पेचात पकडलं. तुम्ही भांडला नाहीत. आढ्याकडं बघत म्हणालात, "मी बसल्ते एकदा."

"कुठं?"

"मोटारीत. तवा मोटार नवी नवी होती. लेकरू झालं नव्हतं, सासू बोलली, ह्यांनी हात उचलला. गाठोडं घेतलं आन् बसले. भाऊ होते दोन. पण आई गेली आन् मुराळी यायचा बंद झाला. कंडक्टर म्हणला, बाई कुठं? म्या म्हणलं, जिथवर जाती तिथवर. अंबडला उतरले. खांबापाशी उभी ऱ्हायले. समदी माणसं आपापल्या वाटंनं गेली. मंग तीच मोटार माघारी फिरली. मी बी बसले."

"मग?"

"मंग काय. सैपाक केला."

बाहेर कमल पिशवी भरत होती. तुम्ही माझा हात धरलात. "तुला म्हणलं, तू लिवणारा माणूस. तुला तरी एखांदं ठिकाण घावंल."

इतकी वर्षं मी गावांची नावं शोधत होतो, जिजी. नकाशा घेऊन बसायचो. हॉर्न वाजेपर्यंत तुमचा हात धरून बसलो. गाडी आली, आम्ही निघालो. वर्ष पुरं व्हायच्या आत तुम्ही गेलात. बाजेवर, झोपेत, दाजींना "दार लोटून घे" म्हणून सांगून. दहाव्याला मी तोंड उघडलं नाही ते यामुळं. तुमचं काम माझ्याकडं तसंच पडून होतं.

आता कालचं सांगतो. दहावा परवा झाला, काल मी निघालो. पाव्हणे पांगले होते. कमल मला स्टँडवर सोडायला आली. आजवर नेहमी मी तिला न्यायला यायचो. या खेपेला तिला सोडून एकटा निघालो होतो. अंबडकडून गाडी आली. चार-दोन माणसं उतरली, आपापल्या वाटेला लागली. शेवटी एक बाई उतरली. पस्तिशीची असेल. अंतरवालीकडची, असं नंतर कळलं. साडी हिरवी नव्हती, जिजी, हे मुद्दाम सांगतो. निळी होती, कडेला फाटलेली. कपाळ मारानं सुजलेलं. ती इकडं तिकडं बघत उभी राहिली.

कमल पुढं झाली. "कोणाकडं जायचंय, बाई?"

"जिजीकडं."

"कोण्या जिजीकडं?"

"घर म्हाईत न्हाई. बाजारात भेटल्या होत्या मला, लई दिस झाले. माझ्या हाताकडं बघितलं आन् म्हणल्या, कधी निघावं वाटलं तर दुसरीकडं कुठं उभी ऱ्हाऊ नको. पिंपळगावात उतर आन् जिजी म्हणून इचार. कुणीबी सांगंल."

मी कमलकडं बघितलं. तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तुम्ही आणखी कुणाकुणाला हे सांगून ठेवलंय, कुठल्या कुठल्या बाजारात, कुणाच्या लग्नात, ते आता तुमच्याशिवाय कोण सांगणार? दर वर्षी माझ्याशी भांडत होता ते गंमत म्हणून, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही तर दोन्हीकडं काम लावून ठेवलं होतं. लेखकाकडून होत नाही म्हटल्यावर स्वतः उरकलंत.

कमलनं आधी तिच्या कपाळाकडं बघितलं. मग म्हणाली, "जिजी गेल्या, बाई. काल दहावा झाला."

ती बाई जागच्या जागी खाली बसली. गाडी वळून परतूरच्या तोंडाला लागत होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, आणि ती त्या गाडीकडं बघायला लागली. पुन्हा चढून बसावं का, अशा नजरेनं. जिजी, अंबडच्या खांबापाशी तुमचा चेहरा मी कधी बघितला नव्हता, पण तिच्यात तो ओळखला.

कमलनं तिच्या दंडाला धरून तिला उठवलं. "जिजी गेल्या. घर हाय. चल."

"तुम्ही कोण?"

"मी सून त्यांची. चल म्हणलं ना. पाणी पी आधी."

मी गाडीत चढलो. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" आणि मी परतूर म्हणायच्या ऐवजी त्याला जवळजवळ ओरडून सांगणार होतो की अहो, ती इथं उतरली! कादंबरीतली! मी तिला हैदराबादपर्यंत नेऊन आणलं आणि ती इथं उतरणार होती, कुंभार पिंपळगावला, दुपारच्या गाडीनं! वाटेत प्रत्येक थांब्यावर मला उतरून धावत माघारी यावंसं वाटत होतं. रात्रीपर्यंत शेवटचं प्रकरण लिहून होईल. तुम्हाला कुंकू लावायला ते पुस्तक मिळणार नाही, याचं वाईट वाटतंय. आणि तुम्ही म्हणणारच, "माझ्या घरी आली आन् मलाच खबर न्हाई?" म्हणा. पण कौसल्या तुमच्याकडं आली हे आता मी बदलत नाही.

गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून वाकून बघितलं. त्या बाईच्या हातातलं गाठोडं कमल ओढून घेत होती आणि ती सोडत नव्हती. कमल तिला चांगलीच दटावत होती, थेट तुमच्यासारखी, हात नाचवून. दोघी भांडत भांडत घराकडं निघाल्या होत्या.